कर्ण्यावरून पुकारलेलं नाव

माझा नवरा इलारिओ प्रार्थनाघरात उभा राहिला की बायका आधीच शालीचं टोक हातात धरून बसायच्या. तो रडवणार हे ठरलेलंच. आवाज आधी बारीक, मग कापरा, मग एकदम वर चढलेला. ‘प्रभू’ म्हणताना गळा अगदी नेमका फाटायचा. घरी मात्र हाच माणूस मेंढ्यांच्या वाड्याची पडकी भिंत दोन वर्षं नुसता ओलांडून जात होता. देवाने त्याला घसा दिला होता, दगड उचलायला हात द्यायचे बहुतेक राहून गेले होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत गारा पडल्या आणि आमच्या सगळ्या पठारावरचा बटाटा झोडपून गेल्या. जमिनीतून निघाला तो सुपारीएवढा, अक्रोडाएवढा. असल्या बटाट्याचं एकच होतं, चुन्यो. जूनमध्ये, आमच्या ऐन हिवाळ्यात, रात्री पाणी दगडासारखं गोठतं, तेव्हा बटाटे उघड्या माळावर पसरायचे, गोठू द्यायचे, सकाळी उन्हाने जरा सैल पडले की अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं आणि वाळवायचे. मग ते वर्षभर टिकतात. खऱ्या कडाक्याच्या रात्री तीन-चारच मिळतात. तेवढ्यात तुडवलं नाही तर उन्हाने आंबतात, मग डुकरंही तोंड लावत नाहीत. त्या वर्षी ज्याच्या घरी चुन्यो नव्हता त्याच्या घरी सप्टेंबरनंतर चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्नच होता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या मंडळीची परिषद आली. अकरा गावांचे लोक येणार, ओरुरो शहराहून विभागाचे अधीक्षक येणार, नवीन पत्र्याच्या छपराचं समर्पण होणार. शेवटच्या दिवशी मंडळीचे नवे वडील, म्हणजे पास्टरांच्या बरोबरीने मंडळीचा कारभार बघणारे, निवडणार होते. इलारिओ नऊ वर्षं त्या खुर्चीकडे बघत होता.

बुधवारी त्याची आत्या तोमासा ओढ्यावरच्या बर्फावरून घसरली. पाऊल उलटं फिरलं. मला कळलं ते गुरुवारी, मेंढ्या वळवताना. तिच्या घराखालच्या माळावर बटाटे पसरलेले होते आणि ती उंबऱ्यात पाय लांब करून, पायाला दोन फळ्या बांधून, बटाट्यांवर उतरणाऱ्या पाखरांना शिव्या घालत होती.

रात्री जेवताना मी म्हटलं, “आत्याबाईंचा पाय गेला.”

“ऐकलं,” इलारिओ म्हणाला. वाडग्यातून तोंड वर काढलं नाही.

“बटाटे पसरलेत. कोण तुडवणार?”

“देव बघेल.”

“देवाला तुडवायला लावता?”

त्याने चमचा ठेवला. “दामियाना, तुला माहीत आहे ती बहिष्कृत आहे. पास्टर आब्दोन काय म्हणाले? तिच्या पंगतीला बसायचं नाही, तिच्या कामाला हात लावायचा नाही. मी काय बोलू त्यावर?”

तोमासाला दोन वर्षांपूर्वी मंडळीतून काढलं होतं. तिचा एकुलता मुलगा खाणीत दबून मेला. पुरताना तिने जुन्या रिवाजाप्रमाणे बँड बोलावला आणि खड्ड्यात दारूचा घोट ओतला, जमिनीला. पास्टरांनी जाब विचारला तर भर मंडळीत म्हणाली, “माझा पोरगा मातीत चाललाय, मातीला घोटभर पाजलं तर तुमच्या देवाच्या बापाचं काय गेलं?” त्यानंतर तिचं नाव वहीतून खोडलं. इलारिओची आई तो चार महिन्यांचा असताना गेली होती. ह्याच बाईने त्याला पाठीला बांधून वाढवला होता. नाव खोडायच्या वेळी हात वर करायला सांगितले तेव्हा त्याचा हात दुसरा वर गेला. पहिला पास्टरीणबाईंचा.

“तीन दिवस थांब,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “परिषद होऊ दे. मी वडील झालो की मीच तिच्यासाठी शब्द टाकीन.”

“तीन दिवसांनी बटाट्यांचं पाणी झालेलं असेल.”

“लोक काय म्हणतील? इलारिओला बायको आवरत नाही, तो मंडळी काय आवरणार?”

मी भांडी गोळा केली. भांडून काय उपयोग? त्याच्या डोक्यात अकरा गावं बसली होती, त्यात एका म्हातारीला जागा कुठली.

शुक्रवारी उजाडताना मी गेले. माळ पांढराफटक. बटाटे गारगोट्यांसारखे खणखणत होते. ऊन वर आलं, ते जरा मऊ पडले, तसे मी हाताने ओढून ढीग केले, घेरदार झगा गुडघ्यावर खोचला, चपला काढल्या आणि ढिगावर चढले. पहिलं पाऊल टाकल्यावर कळ थेट दातांत गेली. साल सुटून पायाला गुंडाळते, आतून बर्फाचं पाणी फसफसत निघतं, बोटांच्या बेचक्यांत काळा चिखल भरतो. थोड्या वेळाने पाय आपले वाटतच नाहीत.

तोमासा दारातून बसल्या बसल्या सरकत माळाच्या कडेच्या दगडापर्यंत आली. गालात थंडी-भूक मारणारी कोकाची पानं. मला वाटलं, रडेल. निदान ‘पोरी’ म्हणेल.

“टाचेने दाब,” ती म्हणाली. “लग्नात नाचल्यासारखं काय करतेस?”

मी टाचेने दाबलं.

“कोणी पाठवलं तुला?”

“कोणी नाही.”

“त्या रडव्याने?”

“त्यांनी नको म्हटलं.”

“मग स्वर्गात जागा धरायला आलीस वाटतं. माझ्या बटाट्यांवरून चढून जायचा बेत दिसतोय.” ती पचकन थुंकली. “डावीकडचा ढीग राहिलाय. तो आंबला तर तुझ्या स्वर्गासकट ओढ्यात टाकीन.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीने नव्हतं. मी नवऱ्याचा शब्द मोडून आले होते आणि ही बया मला टाच शिकवत होती! तिचा मनापासून राग आला. तरी डावीकडचा ढीग केला.

दुपारी प्रार्थनाघरामागे पाहुण्यांच्या स्वयंपाकाला गेले तर बायकांची कुजबुज थांबली. मी बटाटे सोलायला बसले. पास्टरीणबाई सेनोबिया जवळ आल्या आणि माझ्या हातातली सुरी हळूच काढून घेतली. अगदी हसत.

“राहू दे बहिणी. तुझे पाय बघ. हे अन्न पाहुण्यांसाठी आहे.”

“पाय धुतलेत मी.”

“पाय धुतले गं,” त्या म्हणाल्या, आणि एवढंच म्हणाल्या. बाकीच्यांनी खाली माना घातल्या. जिच्या बाळंतपणात मी दोन रात्री जागले होते ती मार्सेलासुद्धा कांद्यात अशी रमली की जणू जन्मात कांदा पाहिला नव्हता.

संध्याकाळच्या सभेत इलारिओ प्रार्थनेला उभा राहिला. छतावर नवीन कर्णा बसवला होता, आवाज माळभर जायचा. तो सुरू झाला, बारीक, कापरा, वर. आणि मग म्हणाला, “प्रभू, माझ्या घरातल्या दुबळ्या जिवाला क्षमा कर. माझी बायको आंधळ्या मायेपोटी आज्ञा मोडून गेली. शिक्षा द्यायची तर मला दे!” गळा फाटला. बायकांच्या शाली डोळ्यांना लागल्या. माझ्या शेजारची बाई हुंदके देत माझ्यापासून वीतभर सरकली. पास्टरांनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने डोळे मिटलेले होते, पण पापण्यांच्या फटीतून तो हात कोणाचा हे त्याने पाहून घेतलं. बारा वर्षं त्याच्या शेजारी झोपले आहे, मला ती फट माहीत आहे.

रात्री घरी आल्यावर त्याने विचारलं, “बरी झाली ना प्रार्थना?”

त्याला ओकारी येईल असं काहीतरी बोलावं असं वाटलं. मी पायांना मेंढीची चरबी चोळत राहिले.

शनिवारी पुन्हा गेले. टाचा फुटल्या होत्या, चिखलात रक्ताची बारीक रेघ उमटत होती. अर्धा ढीग झाला तेव्हा ओरुरोच्या रस्त्यावर धूळ दिसली. पाहुण्यांचा ट्रक. वर बाकं टाकलेली, अधीक्षक रेमिहिओ पुढे ड्रायव्हरपाशी. रस्ता तोमासाच्या माळाला अगदी लागून जातो.

ट्रक जवळ आला आणि मी गाऊ लागले. स्तुतिगीत. चांगलं मोठ्याने. पाठ ताठ केली, तोंड जरा आभाळाकडे केलं. ट्रकचा वेग कमी झाला, वरची माणसं वाकून बघू लागली, कोणीतरी टोपी हलवली. मग ट्रक गेला आणि दुसरं कडवं माझ्या तोंडातच राहिलं.

तोमासा दगडावरून माझ्याकडे बघत होती.

“काल नव्हतीस गात,” ती म्हणाली.

मी पायाखालचे बटाटे टाचेने दाबू लागले.

“आवाज बरा आहे तुझा. नवऱ्याने शिकवला का?”

कानशिलं तापली. त्या थंडीत माझ्या मानेला घाम फुटला. दोन दिवस मी त्या माणसाची मनातल्या मनात पास्टरांची थुंकी झेलणारा म्हणून खिल्ली उडवत होते. त्या पापणीच्या फटीला हसत होते. आणि ट्रक दिसल्याबरोबर माझ्या नरड्यातून तोच निघाला, इलारिओ, घट्ट पाय रोवून. उलट त्याच्यापेक्षा वाईट. तो निदान मंडळीच्या सोयीने रडायचा. मी एका लंगड्या म्हातारीच्या अन्नावर उभी राहून गात होते.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “मी तसलीच आहे.”

“मग काय माझ्यासारखी असणार होतीस?” ती म्हणाली. “तुडव. ऊन चढतंय.”

रविवारी शेवटचे ढीग होते, सगळ्यात मोठे. शनिवारची रात्र अशी गारठली होती की मेंढ्यांच्या पाठीवर पांढरा थर आला होता. माळापलीकडे, ओढ्याच्या त्या बाजूला, नवीन पत्रा चमकत होता. अकरा गावं जमलेली. मी तुडवत होते. गात नव्हते. मनात देवाशीही काही बोलत नव्हते, कारण बोलायला लागलं की स्वतःचाच आवाज ऐकू यायचा आणि लाज वाटायची.

दहाच्या सुमाराला कर्णा खरखरला. अधीक्षकांचा जाड आवाज आला.

“बंधुभगिनींनो, काल येताना मी एक दृश्य पाहिलं. एक बहीण थंडीत, अनवाणी, एका अपंग विधवेचं काम करत होती आणि तिच्या मुखी प्रभूचं गीत होतं! मी चौकशी केली. तिला गावाने दोष दिला असं कळलं. मी म्हणतो, हाच खरा विश्वास! बहीण दामियाना कुठे आहे? बहीण दामियाना, पुढे या!”

टाळ्या. कर्ण्यातून टाळ्या म्हणजे पत्र्यावर गारा.

खोटं कशाला सांगू, माझे पाय थांबले. छातीत असं काही उसळलं की वाटलं, चालत नाही, उडत जावं. सेनोबियाबाईंचं तोंड मला इथून दिसत होतं. मार्सेला पहिल्या बाकावर जागा करून देते आहे तेही दिसत होतं.

“बहीण दामियाना!” पुन्हा पुकारा झाला.

ओढ्यावरून इलारिओ पळत आला. कोट, टाय, तोंड लाल. इतका आनंदी मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

“चल, चल! ऐकलंस ना? स्वतः अधीक्षक! पास्टर म्हणाले, तू साक्ष दिलीस की माझं आजच नक्की होईल. पाय धू. नाही, नको धुऊस, असेच राहू देत. दिसले पाहिजेत.” मग आत्याकडे वळून, दोन वर्षांनी पहिल्यांदा: “आत्या, तूही चल. दोघं जण उचलून नेतील. तुझंही नाव परत वहीत घालतील, बघ.”

तोमासा पान चघळत राहिली. “ने की,” ती मला म्हणाली. “मला पुढे बसव. हा मोडका पाय वर कर. नुसते तुझे पाय दाखवून काय होणार?”

मी ढिगाकडे पाहिलं. अर्धा राहिला होता, वरचे बटाटे उन्हाने ओले दिसू लागले होते.

“मी येत नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे? अगं, अधीक्षक बोलावतायत!”

“हा ढीग आंबेल.”

“ढीग?” त्याचा खरोखर विश्वास बसेना. “ढिगाला मी दोन माणसं पाठवतो!”

“आत्ता पाठवा. ती आली की मी येते.”

कोणाला पाठवणार? सगळे कोट घालून बसलेले. “दामियाना,” तो हळूच म्हणाला, आणि हा आवाज कर्ण्यावरचा नव्हता, “नऊ वर्षं झाली गं.”

मला त्याची कीव आली, आणि कीव आली तीसुद्धा कुत्र्याची यावी तशी. “चपला काढा,” मी म्हटलं. “दोघं मिळून तुडवलं तर घटकाभरात होईल. मग जाऊ.”

त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. रात्री पॉलिश केले होते. मग पत्र्याकडे पाहिलं. कर्ण्यातून तिसऱ्यांदा माझं नाव आलं. तो वळला आणि पळत सुटला.

मी पुन्हा ढिगावर चढले. पाय जायला ओढत होते, हे खरं. प्रत्येक पावलाला ओढत होते.

थोड्याच वेळात कर्ण्यातून तो आला. बारीक, कापरा. “बंधूंनो, माझी बायको लाजाळू आहे. तिच्या वतीने मी उभा आहे. पहाटेच्या अंधारात आम्ही दोघं उठलो. ज्या आत्याने मला वाढवलं तिला मी कसा विसरेन? बर्फावर आमची पावलं पडत होती, आणि प्रभू...” इथे गळा फाटला.

तोमासा ऐकत होती. पान चघळायचं थांबलं होतं. मला वाटलं, हसेल, शिवी देईल. तिने फक्त शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि तोंड झाकलं. मग शालीतून म्हणाली, “लहानपणी खोटं बोलला की हगायला पळायचा. तेवढी तरी लाज होती.”

दुपारी ढीग संपला. तिकडे इलारिओ वडील झाला.

पाहुणे होते तोवर मी मंडळीचं भूषण होते. सोमवारी ट्रक धुळीत दिसेनासा झाला आणि पास्टर आब्दोनना आठवलं, की तीनदा पुकारूनही मी आले नव्हते. अकरा गावांसमोर त्यांना खुर्ची सारून ‘येतेच आहे’ म्हणत उभं राहावं लागलं होतं. शिवाय आज्ञा ती आज्ञा. वडिलांची बैठक बसली. माझा नवरा पहिल्यांदाच त्या बैठकीत गेला, उशिरा आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या नावाने सगळ्यांनी एकच भाकर वाटून खायची. त्याआधी शिस्तीचे निर्णय वाचायचे असतात, ते नव्या वडिलाचं पहिलं काम. इलारिओ कागद घेऊन उभा राहिला. “बहीण दामियाना,” त्याने वाचलं, “बहिष्कृताशी संबंध ठेवल्याबद्दल आणि प्रभूच्या सेवकांचा मान न राखता गर्व केल्याबद्दल, तीन महिने मागच्या बाकावर बसेल आणि भाकरीला हात लावणार नाही.” त्या दिवशी गळा फाटला नाही. बाजारातला भाव सांगावा तसं त्याने वाचलं. कागदाची घडी मात्र त्याला दोनदा घालावी लागली.

मी उठून मागे गेले. पाय सुजलेले, चपलेत मावत नव्हते, फरफटत गेले. सगळे बघत होते आणि मग सगळ्यांनी बघायचं सोडलं. भाकरीचं ताट बाकांवरून हातोहात आलं, माझ्यापुढच्या बाकावर थांबलं आणि परत फिरलं. माझे कान पेटले होते. किती वेळ, देव जाणे. मग ते विझले.

मागच्या बाकावर माझ्याशेजारी कोणी नव्हतं. माझ्याबद्दल चांगलं म्हणायला तिथे कोणी उरलं नव्हतं आणि वाईट म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं. मी डोळे मिटले. काय मागितलं ते सांगत नाही. एवढं खरं, की लग्नानंतर पहिल्यांदा प्रार्थना करताना ती बाहेरून कशी दिसते आहे हे माझ्या मनात आलं नाही. आमेन कधी झालं तेही कळलं नाही. डोळे उघडले तर बाकं रिकामी होत होती आणि सेनोबियाबाई माझ्याकडे बघत होत्या, मी रडले असेन म्हणून. मी रडले नव्हते.

बाहेर इलारिओ पास्टरांबरोबर चालला होता, अर्धं पाऊल मागे, त्यांच्या बोलण्यावर मान हलवत. मला पाहून त्याची मान थांबली, मग पुन्हा हलू लागली. मी हाक मारली नाही. ओढा ओलांडला.

तोमासाच्या माळावर चुन्यो वाळून काळा झाला होता, गोट्यांएवढा आणि हलका. ती दोन काठ्यांवर उभी राहून फडक्यात त्याची सालं चोळत होती. मला यायला दुपार झाली होती. का झाली, ते तिने विचारलं नाही.

“उशीर केलास,” ती म्हणाली. “वारा पडेल.”

मी टोपली उचलली, डोक्यावर धरली आणि वाऱ्याला पाठ देऊन हळूहळू ओतू लागले. सालं उडून माळावर गेली. चुन्यो खाली पडत राहिला, खडखड, खडखड.